मर्कट महालाचा पडदा

"हे झाड चढायला आहे की बघायला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी फायबरच्या वडाला पारंब्या रंगवत होतो. शिडीवरनंच सांगितलं, "बघायला."

"मग ती कशावर चढणार?"

"कोण?"

"जिच्यासाठी हे बांधताय ती."

मी ब्रश डब्यात बुडवला. "बाई, बांधतोय ते पब्लिकसाठी. ती आत असणार, एवढंच."

वडाच्या बुंध्यावर बाईंनी बोटानं टकटक केलं. पोकळ आवाज आला. मग भिंतीवर मी रंगवलेल्या जंगलाकडे बघत राहिल्या. त्यात धबधबा होता, दोन हरणं होती, एक सिंह होता आणि सभापतींच्या आग्रहानं नारळाची पाच झाडं होती.

"सिंह कशाला?"

"अण्णा म्हणाले, जंगल म्हटल्यावर सिंह पायजे."

"आणि हे 'मर्कट महाल'? चिंपांझी मर्कट नसतो, रांगोळे."

"ते पण अण्णांनाच सांगा."

या बाई म्हणजे डॉ. शिरीन पटवेगार, आमच्या महापालिकेच्या प्राणीसंग्रहालयाच्या जनावरांच्या डॉक्टर. आणि अण्णा म्हणजे जालिंदर मुळीक, उद्यान समितीचे सभापती. मी दौलत रांगोळे, गणपती मंडळांचे देखावे करणारा. शाळा आठवीत सुटली. पण या शहरात कुठल्याही मंडळाला कैलास पर्वत, पाताळलोक नाहीतर हलता राक्षस पाहिजे असला की माझंच दार वाजतं.

आता चिंपांझीचं घर बांधायचं काम देखावेवाल्याला कसं मिळालं, असं कुणी विचारेल, तर त्याला महापालिका कळलेली नाही. एका आर्किटेक्टनं मोठा नकाशा दिला होता. त्यात परदेशातल्या प्राणीसंग्रहालयांचे फोटो असे चिकटवले होते की हिरवळीवर फिरणारी माणसंसुद्धा गोरी होती. नकाशा टेबलावर आला, अण्णांनी त्याच्यावर चहाचा कप ठेवला आणि मला म्हणाले, "दौलत, आपल्या मंडळाचा गेल्या वर्षीचा कैलास आठवतोय न्हवं? तसलंच कर. फकस्त वर बर्फाच्या जागी झाडी."

मी तसलंच केलं. तीन बाजूंना भिंत, पुढे जाड काच, वर जाळी, मधे डोंगर, डोंगरावर फिरते दिवे. काचेसमोर उभं राहिलं की कुठल्याही कोपऱ्यातलं सगळं दिसावं, हा देखाव्याचा पहिला नियम. बक्षिसं यावरच मिळतात.

मग बिजली आली.

कुठलीतरी सर्कस बुडाली होती, कोर्टाच्या हुकमानं तिची जनावरं वाटली गेली होती आणि आमच्या वाट्याला ही चिंपांझीण आली होती. सर्कशीत झालरीचा फ्रॉक घालून सायकल चालवायची म्हणे. पिंजऱ्यातनं उतरली तेव्हा तिचे दोन्ही हात खांद्यापर्यंत सोललेल्या कोंबडीसारखे होते. मला वाटलं, खरूज असेल.

"खरूज नाही," बाई म्हणाल्या. "स्वतःच उपटते."

"का?"

"बघालच."

बघितलं. लोकार्पणाला अजून अवकाश होता, पण नगरसेवकांच्या घरचे, त्यांच्या सासुरवाडीचे, त्यांच्या ड्रायव्हरांचे शेजारी, सगळे आधीच फुकटात बघायला येत होते. काचेला एक तोंड लागलं की बिजली उठायची. सरळ उभी राहून कडक सलाम ठोकायची. मग टाळ्या. मग दोन बोटं ओठांना लावून बिडी मागायची. मग कोलांटी. आणि तोंड काचेवरनं हललं नाही की परत पहिल्यापासनं. सलाम, टाळ्या, बिडी, कोलांटी. पब्लिक पोट धरून हसत होतं. कुणी शिट्टी मारत होतं, कुणी काचेवर किल्ली आपटत होतं, एका बाईनं तर पर्समधनं लिपस्टिक काढून दाखवली. गर्दी पांगली की ती कोपऱ्यात बसून हाताचे केस उपटायची. शेवटचं तोंड गेल्याशिवाय थांबता येत नव्हतं तिला. आणि काचेसमोर तोंडं संपतच नव्हती.

माझ्या मनात काय आलं? आयला, देखावा फुकटात हलता झाला. एका मोटारीचा खर्च वाचला.

काही दिवसांनी बिजली दिसेनाशी झाली.

पब्लिक काचेवर थापा मारून थकलं. पिंजरा साफ करणारा पिराजी घाबरून माझ्याकडे पळत आला. "दौलतमामा, पळाली बहुतेक!"

"जाळी फाटलीय?"

"न्हाई."

"मग कुठं पळंल? डोंगराच्या मागं बघ की."

डोंगराच्या मागे मी स्वतःच गेलो. प्रत्येक देखाव्याला मागची बाजू असते. पुढनं कैलास असतो, लोक हात जोडतात. मागे बांबू, गंजक्या सळ्या, पोत्याचं कापड आणि सुकलेले प्लॅस्टरचे गोळे. रंग लावायची तिथे पद्धत नाही, कारण तिथे कुणी बघत नाही. गणपतीचे दहा दिवस मी तिथेच असतो. पोतं अंथरायचं, पाठ सळईला टेकायची. पुढे शंकराच्या जटेतनं गंगा वाहते, मागे माझा बनियन वाळत असतो. त्या दहा दिवसांत सगळ्या शहरात मला तेवढीच जागा बरी वाटते.

बिजली तिथे बसली होती. डोंगर आणि मागची भिंत यांच्यात जी फट मी कामापुरती ठेवली होती, तिच्यात. कुठनंतरी पोतं ओढून आणून तिनं बुडाखाली घेतलं होतं. पाठ सळईला.

मी मागच्या जाळीच्या दारातनं बघत होतो. तिनं मान वळवली. माझं तोंड दिसलं आणि तिचा उजवा हात कपाळाकडे उठायला लागला.

मी भिंतीकडे तोंड केलं.

किती वेळ उभा होतो कोण जाणे. पिराजी मागनं म्हणाला, "मामा, असं भिंतीकडं काय बघायलाय?"

"गप बस. भिंतीला ओल आलीय का बघतोय."

तिरक्या डोळ्यानं पाहिलं तेव्हा हात खाली आला होता. तिनं पोत्याचा एक दोरा ओढून काढला आणि तो बोटाला गुंडाळत बसली.

पुढच्या दिवसांत बाई रोज मागच्या दारापाशी यायच्या. एकदा मला बोलावून म्हणाल्या, "तिच्या मनगटाकडे बघा. एकदम तोंडाकडे नका बघू."

मनगटावर काळी लव फुटली होती. गावच्या जावळ काढलेल्या पोराच्या डोक्यावर फुटते तशी.

"ही फट मी मुद्दाम ठेवली असती तर मला बक्षीस मिळालं असतं," मी म्हणालो.

"नकाशात हीच होती. चार ठिकाणी. तुम्ही वाचला नाहीत."

"अण्णांचा कप होता वर."

बाई हसल्या नाहीत. त्यांना हसवणं अवघड काम होतं.

आणि मग अण्णा आले. मोकळे आले नाहीत, वर्तमानपत्राचा फोटोग्राफर घेऊन आले. कडक इस्त्री, अंगाला अत्तर. काचेसमोर उभे राहिले, पोट आत घेतलं आणि फोटोग्राफरला म्हणाले, "मी आन् जनावर, दोघं यायला पायजे फोटोत."

"साहेब, जनावर दिसत नाही."

"दौलत! जनावर कुठाय?"

"मागं बसलंय."

"मागं? मागं काय करतंय? आपण पुढं उभारलोय की!"

हे वाक्य मी आजपर्यंत विसरलो नाही. हा माणूस ते चेष्टेनं बोलला नव्हता.

बाईंनी अण्णांना समजावायचा प्रयत्न केला. तिला लोकांसमोर नाचायची सवय लावलीय, नजर चुकवायला जागा मिळाली तरच ती सावरेल, आत्ता कुठे केस यायला लागलेत. अण्णा मान डोलवत होते आणि फोटोग्राफरकडे बघत होते. बाईंचं संपल्यावर म्हणाले, "मॅडम, तुमचं शिक्षण मोठं, मी मान देतो. पण लोकार्पणाला मंत्री येणारेत. मंत्र्यांपुढं मोकळा डोंगर ठेवू का? मंत्री आले, बिजलीनं सलाम ठोकला, फोटो झाला. एवढंच मागतोय मी. दौलत, ती फट विटांनी बुजव."

"फट बुजवली तर ती खाणं सोडेल," बाई म्हणाल्या. "स्वतःला पुन्हा सोलून काढेल. मी अशी जनावरं बघितलीत. मरेल ती."

अण्णांनी फोटोग्राफर लांब गेलाय का ते पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मरायचीच असंल तर लोकार्पणानंतर मरू दे की."

दुसऱ्या दिवशी बिजलीला आतल्या लोखंडी खोलीत कोंडून मी फट बुजवली. अण्णा स्वतः खुर्ची टाकून बसले होते. दर थराला म्हणायचे, "वरपर्यंत घे. टाळकं पण लपता कामा नये." मंडळाच्या मूर्तीपुढे दहा दिवस नारळ फोडत उभा राहणारा माणूस, पण एवढं लक्षपूर्वक त्याला मी गणपतीकडेही बघताना पाहिलं नव्हतं.

बिजलीला सोडल्यावर ती नीट फटीकडे गेली. भिंतीवर तळहात ठेवला. ओल्या सिमेंटचा वास घेतला. वर चाचपलं, खाली चाचपलं. मग वळली. काचेला कुणाच्या तरी मेहुण्याचं तोंड होतं. सलाम, टाळ्या, बिडी, कोलांटी.

त्या दिवशी मी जेवलो नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. जेवलो, दोन भाकरी जास्तच खाल्ल्या. मला राग आला की भूक लागते.

सकाळी बाईंच्या खोलीत गेलो. बाई फोनवर वरच्या साहेबांची विनवणी करत होत्या. फोन ठेवून म्हणाल्या, "कोणी ऐकत नाही. सगळे म्हणतात, लोकार्पण होऊ दे, मग बघू."

"बाई, मागची बाजू गेली. आता पुढची घालवू."

"म्हणजे?"

"तिन्ही बाजूंना भिंतच आहे. उघडी आहे ती एकटी काच. काचेवर पडदा टाकला की अख्खा महालच मागची बाजू झाला."

"आणि मुळीक पडदा टाकू देतील?"

"अण्णा? बाई, पडदा म्हटलं की अण्णा वितळतात. या शहरात पडद्याशिवाय उद्घाटन झालंय का कधी? मुतारीचं सुद्धा पडदा ओढून केलंय त्यांनी. प्रश्न एवढाच, पडद्याची दोरी कुणाच्या हातात द्यायची."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आणि मग हसल्या. पहिल्यांदाच. खुर्ची करकरेपर्यंत.

"लोक चिडतील," त्या म्हणाल्या. "बंद पडद्यासमोर कोण उभं राहील?"

"ते माझ्यावर सोडा. गणपतीत बंद पडद्यापुढं लोक तासतास उभे असतात. उघडा देखावा बघून माणूस पुढं सरकतो. बंद पडद्यापुढनं हलवून दाखवा एकाला."

"म्हणजे त्यांना थांबायला शिकवायचं."

"शिकवायचं बिकवायचं मला ठाऊक नाही. थांबवायचं ठाऊक आहे."

अण्णा अपेक्षेप्रमाणे वितळले. "मखमली पायजे. लाल. सोनेरी झालर. आन् दोरी नको दौलत, दोरी जुनी झाली. बटण! मंत्री बटण दाबणार आन् पडदा उघडणार."

"लावतो की. लाल बटण, पितळी पट्टीत."

"आन् आत तो दांडा कसला लावलायस?"

"लोंबकळायला, अण्णा. बाई म्हणाल्या, व्यायाम पायजे."

"लाव, लाव. तंदुरुस्त दिसली पायजे."

दांडा साधा होता. दीड इंची लोखंडी पाइप, भिंतीतनं तार, तारेला पडदा. दांडा खाली ओढून धरला की पडदा उघडा. सोडला की वाळूच्या पिशवीच्या वजनानं आपोआप बंद. देखाव्यात राक्षसाचा जबडा मी याच पद्धतीनं हलवतो. बिजलीला तो कसा शिकवायचा याची बाईंनी मोठी तयारी केली होती. केळी आणली होती, शेंगदाणे आणले होते. बिजलीनं दांडा एकदा ओढला, पडदा हलताना बघितला, सोडला, परत ओढला. मग बाईंच्या हातातली केळी घेतली आणि आमच्यावर पडदा टाकला. महापालिकेच्या सगळ्या सभा मिळून एवढं लवकर काही समजल्याचं मला आठवत नाही.

फायबरचा वड मी त्याच आठवड्यात कापला. त्याच्या जागी रस्ता रुंद करताना पाडलेल्या चिंचेचं खोड उभं केलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

लोकार्पणाला सनई होती, फेटे होते, आणि 'मर्कट महाल'च्या पाटीवर अण्णांचा फोटो चिंपांझीच्या फोटोपेक्षा मोठा होता. मंत्री उशिरा आले. पहिल्या भाषणात अण्णांनी मंत्र्यांना सिंह म्हटलं, दुसऱ्यात मंत्र्यांनी अण्णांना वाघ म्हटलं. मग सगळे पडद्यासमोर उभे राहिले. मागे दोन-अडीच हजाराचं पब्लिक. मंत्र्यांनी हात पुढे केला, कॅमेऱ्यांकडे बघितलं आणि बटण दाबलं.

काही झालं नाही.

परत दाबलं. पडदा ढिम्म.

"दौलत!" अण्णा दातावर दात ठेवून म्हणाले.

"सायेब, जरा दमानं. मोठ्या देखाव्याला वेळ लागतो," मी मंत्र्यांना म्हणालो.

मंत्र्यांनी तिसऱ्यांदा दाबलं, अंगठा पांढरा होईपर्यंत. फेट्याखालनं घाम ओघळला. एक कार्यकर्ता पुढे झाला, "सायेब, मी दाबू?" त्यानंही दाबलं. आयुक्तांनी दाबलं. मागनं कुणीतरी ओरडलं, "लाइट गेली काय रं?" हशा झाला. पण एकही माणूस जागचा हलला नव्हता. उलट माना लांब होत होत्या. बाई खांबाला टेकून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. बहुतेक दुवा मागत असाव्यात.

मी पण मागत होतो, ते आज लपवत नाही. कारण पडदा उघडून तिनं हात कपाळाला नेला असता, तर सगळं पाण्यात गेलं असतं. अण्णांनी पडदा त्याच दिवशी काढून टाकला असता.

पडदा हलला.

टाळ्यांचा कडकडाट. सनईवाला दचकून वाजवायला लागला. मखमल दोन्हीकडे सरकली आणि काचेच्या पलीकडे बिजली दिसली. एका हातानं डोक्यावरचा दांडा खाली ओढून धरलेला, दुसऱ्या हातात अर्धं केळं. मंत्री हसले. अण्णांनी फोटोग्राफरला ढकलून जागेवर उभं केलं आणि बिजलीला खुणावलं. कपाळाला हात लावून दाखवला. "सलाम! बिजली, सलाम!" पब्लिकही ओरडायला लागलं. "सलाम! सलाम!"

तिचा केळ्याचा हात थोडा वर आला. छातीपर्यंत. बाईंनी डोळे मिटले.

हात तोंडाकडे गेला. तिनं केळ्याचा घास घेतला. चावता चावता मंत्र्यांकडे बघितलं, फेट्यापासून हारापर्यंत. मग आयुक्तांकडे. मग अण्णांकडे जरा जास्त वेळ. बाजारात नासकी वांगी बघून बाई पुढे जाते ना, तसं तिचं तोंड होतं.

आणि तिनं दांडा सोडला.

मखमल मिटली. मग मागनं पहिली शिट्टी आली आणि अख्खं पब्लिक ओरडलं, "वन्स मोअर!" मंत्री भानावर आले आणि बटण दाबायला लागले.

दुसऱ्या दिवशी अण्णा पडदा काढायला माणसं घेऊन आले होते. पण दारापासून पार रस्त्यापर्यंत रांग लागली होती. जनावर दिसत नाही, असं कळल्यावर अख्खं शहर बघायला आलं होतं. अण्णांनी रांग बघितली आणि माणसं परत पाठवली. वर्तमानपत्रात 'सभापती मुळीक यांची अभिनव कल्पना' असं छापून आलं. त्यांनी ते फ्रेम करून घेतलं.

बाईंनी नंतर एक बोर्ड लावला, बटणाच्या बरोब्बर वर, ठळक अक्षरांत: 'ही चिंपांझी आहे. माकड नाही. हिला शेपूट नाही, तुम्हालाही नाही. पडदा ती आतून उघडते, तिला वाटेल तेव्हा. खालच्या बटणाला वायर नाही.' लोक त्या बोर्डावर डावा हात टेकतात आणि उजव्या हातानं बटण दाबतात. शंभरात एखादा वाचतो, हात मागे घेतो, आणि गप उभा राहतो. बाई म्हणतात, त्या एकासाठीच बोर्ड. बाकीच्या नव्याण्णवांबद्दल मी काही म्हणत नाही. त्यांच्यासाठीच मी आयुष्यभर देखावे केलेत.

काही वर्षांनी पडदा बदलायला गेलो होतो. अण्णा पुढच्या निवडणुकीत आपटले होते. मुंबईचे पाहुणे घेऊन रांगेत उभे होते. कुणी ओळखत नव्हतं म्हणून रांगेतच. त्यांचा नंबर आला. बोर्डावर हात टेकून त्यांनी बटण दाबलं. एकदा, दोनदा, पाचदा. मग मला बघितलं.

"दौलत, बटण बघ की जरा. कडक झालंय."

"बघतो अण्णा."

त्यांनी सगळा जोर लावला. आणि नेमका पडदा उघडला.

"बघा!" अण्णा पाहुण्यांकडे वळले. "म्हटलं न्हवतं? जोरात दाबायला लागतंय."

काचेपलीकडे बिजली दांड्याला लोंबकळत शेंगा सोलत होती. दोन्ही हात खांद्यापर्यंत काळेभोर, केसाळ. अण्णांनी काचेवर टिचकी मारली, चुटकी वाजवली, नाव घेऊन हाक मारली. तिनं बघितलं नाही. मग ते सरळ उभे राहिले, टाचा जुळवल्या, पोट आत घेतलं आणि काचेसमोर कडक सलाम ठोकला.

बिजलीनं शेंग तोंडात टाकली. अण्णांकडे बघितलं.

आणि दांडा सोडला.